चिरनेरच्या विहिरीपासून बालीच्या समुद्रापर्यंत



आपल्याला पोहायला कोणी शिकवलं? पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा आणि विहिरीत ढकलायचं, झालं शिक्षण! त्याच जोरावर गेल्या दिवाळीत आम्ही पाच जणांनी इंडोनेशियात स्कूबा डायव्हिंगला जायचं ठरवलं. साठीच्या उंबरठ्यावर. घरच्यांनी कपाळाला हात लावला.

सरावासाठी आधी तारकर्लीला गेलो. पहिलाच धडा असा, की पाण्याखाली श्वास रोखायचा नाही. विहिरीत आपण नेमकं उलटं करायचो! दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो. तिथे नळीतून घेतलेली हवा छातीत कोंडून वर आलात, तर ती फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं.

मग आरोग्याचा फॉर्म आला. आपला एक मागच्या बाकावरचा गडी रक्तदाबाची गोळी लपवायला निघाला. मी त्याला झापलं, "खाली तुझा जोडीदार मी असणार, माझा तरी विचार कर." पुढचा रकाना कानाचा. माझं पेन थांबलं. सातवीत विहिरीत सूर मारताना माझ्या कानाचा पडदा फाटला होता. घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. "नाही" लिहायला हात शिवशिवत होता. "होय" लिहिलं.

तपासण्या झाल्या. गोळीवाला पास, मी नापास. डॉक्टर म्हणाले, वरवर पोहा, पण बुडी नाही. आठवडाभर मी कोणाशी धड बोललो नाही.

मित्रांनी बेत बदलला. कोमोडोचे जोरदार प्रवाह रद्द. आता बालीतलं तुलाम्बेन. १९४२ साली जपानी पाणबुडीने लाँबॉकच्या सामुद्रधुनीजवळ 'लिबर्टी' या अमेरिकी मालवाहू जहाजावर टॉर्पेडो डागला. ते किनाऱ्यावर आणून टेकवलं. १९६३च्या आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते घसरून समुद्रात गेलं. (भूगोलाच्या बाई, एवढं तेव्हा पाठ असतं तर!) त्याचा वरचा भाग इतका उथळ आहे, की मुखवटा लावून नुसतं तरंगलं तरी दिसतो.

आपल्याकडे पाऊस असतो तेव्हा तिकडे कोरडा हंगाम, म्हणून ऑगस्ट ठरला. शेवटच्या बुडीनंतर विमानात बसायला किमान अठरा तास थांबावं लागतं. मी पूर्ण दिवस मोकळा ठेवलाय. तिकिटं, पासपोर्ट, विमा, सगळं माझ्याकडे. खाली चौघं, म्हणजे दोन जोड्या बरोबर जमतात. वर मी.

गोळीवाल्याने आत्ताच बजावलंय, "वरून डबा सोडू नकोस!"