विटा मोजायला आपलीही वही हवी
(पाड्यावरच्या मेळाव्यात केलेलं भाषण)

भात झोडून झालं की आम्ही भट्टीवर जातो. पावसाळ्यात घर चालवायला शेठकडून उचल घेतलेली असते. नवरा गारा तुडवतो, बायको विटा थापते, पोरं विटा उलटवतात. वहीत नाव मात्र एकट्या नवऱ्याचं. आठवड्याला हातात पडते ती फक्त खर्ची. अवकाळी पावसात विटा भिजल्या तर नुकसान आमच्या खात्यावर. गेल्या साली पोर तापलं, गावी निघालो, तर शेठ म्हणाला, आधी पैसे फेडा. शेवटी हिशोब झाला तेव्हा देणं आमच्याच अंगावर निघालं.

१९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी बंद झाली. उचलीपायी माणसाला डांबून राबवणं गुन्हा आहे, आणि त्या वेठीचं कर्जही रद्द होतं. हे सांगायला शेठ येणार नाही.

म्हणून यंदा ठरवू या. उचल घेताना दोन साक्षीदार ठेवायचे. रोजच्या विटा आपण मोजायच्या, शिकलेल्या पोरानं आपल्या वहीत लिहायच्या. कोणाला अडवलं तर सगळ्या पाड्यानं तहसीलवर जायचं. आणि जमिनीची लढाई सोडायची नाही. पोटापुरतं शेत हातात असलं, तर शेठच्या दारात उचलीला कोण जाईल?