वजनाची गोष्ट, दवाखान्यातली



"खाणे आवरा, फिरायला जा," एवढे सांगून डॉक्टरांनी पुढच्या रुग्णास हाक मारावी, हा दवाखान्यातील नित्याचा प्रकार. स्थूल रुग्णास यातून नवे काहीच कळत नाही. दोष आपला, एवढेच कळते. मग तो रक्तदाबाच्या तपासणीसही येईनासा होतो. खरा धोका येथे आहे.

म्हणून आरंभ उपदेशाने नव्हे, परवानगीने व्हावा : "वजनाविषयी थोडे बोलू या का?" आनुवंशिकता, अपुरी झोप, रात्रपाळी, काही औषधे यांनीही वजन वाढते, ते न विचारता आहार सांगणे व्यर्थ. घरात महिन्याला तेल किती लागते, हेही विचारावे. (हा हिशेब बहुधा गृहिणीलाच ठाऊक, तिला बाहेर बसवून काय साधणार?)

काट्याइतकीच टेपही महत्त्वाची. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा देहभार निर्देशांक सारखाच, २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के, असे त्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केले. भारतीय पुरुषाची कंबर ९०, स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे मानतात.

उद्दिष्ट आवाक्यातले हवे. ९० किलोच्या रुग्णाने साडेचार किलो, म्हणजे ५ टक्के, वजन उतरविले तरी रक्तशर्करा व रक्तदाब सुधारू लागतात. पुढील भेटीची तारीख तेव्हाच लिहून द्यावी; वजन घटले नसले तरी अवश्य या, असे सांगून.