हळदीच्या पेठेत आपले स्वागत



जड धातूंच्या विषबाधेवर वनस्पतींच्या अर्कांचा उतारा शोधणाऱ्या आपणा सर्वांचे स्वागत समितीच्या वतीने सांगलीत मनापासून स्वागत करतो. मी शास्त्रज्ञ नाही. हळदीच्या पेठेत उभे आयुष्य घातलेला अडत्या आहे. इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जवळच्या हरिपुरात ती जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षे टिकत असे. २००५च्या महापुरात त्यातली अनेक पेवे निकामी झाली.

शिसे शरीरात शिरले की रक्त घडवणाऱ्या विकरांना अडवते, पेशींतले ग्लुटाथिओन खर्ची पाडते आणि हाडांत वर्षानुवर्षे ठाण मांडून बसते. हळदीतल्या कर्क्युमिनने ही हानी कमी होते, हे आपण उंदरांवर पुनःपुन्हा दाखवले. माणसांवरचा पुरावा मात्र फार थोडा. इराणमध्ये मोटारींच्या बॅटऱ्या बनवणाऱ्या कामगारांना चार आठवडे लसणाच्या गोळ्या दिल्या, तेव्हा रक्तातले शिसे डी-पेनिसिलामाइन या प्रचलित औषधाइतकेच उतरले. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे जुन्या बॅटऱ्या फोडून पोट भरणाऱ्यांसाठी असे प्रयोग व्हायला हवेत, आणि त्याआधी त्यांच्या नाकातोंडात जाणारी शिशाची धूळ थांबायला हवी.

पेठेतला माणूस म्हणून आणखी एक सांगणे माझे कर्तव्य आहे. बांगलादेशात हळकुंडांना पॉलिश करताना पिवळेपणासाठी लेड क्रोमेट चोळत. गर्भवती स्त्रियांच्या रक्तातले शिसे याच हळदीतून आल्याचे संशोधकांनी २०१९मध्ये दाखवून दिले. सरकारने धाडी घातल्या, दंड केले, लोकांना जागे केले. २०२१पर्यंत बाजारातल्या नमुन्यांत शिसे सापडेनासे झाले. पुढे आपल्या पाटण्याच्या बाजारातही अशी हळद आढळली. जिच्याकडून विष उतरवून घ्यायचे, तीच विष घेऊन घरात येत असेल, तर तुमचा उत्तमोत्तम अर्कही रुग्णाच्या कामाचा नाही. हळदीवर जगणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांना ही गोष्ट फार लागते.

म्हणून विनंती करतो: शोधनिबंधात अर्काची मात्रा लिहिता, तशी मूळ वनस्पतीतल्या शिसे, कॅडमियम आणि आर्सेनिकची मोजणीही छापा. नमुने हवे असतील तर उद्या सकाळी मार्केट यार्डात या. माझ्या दुकानातले कोणतेही पोते उघडा, हळकुंडे घेऊन जा, तपासा आणि जे निघेल ते आम्हाला स्पष्ट सांगा.