ब्रुकलिनची कोशर सुशी
न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या ज्यू वस्त्यांत कोशर सुशीची उपाहारगृहं बरीच आहेत. कोशर म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसार खायला चालणारं. या नियमांनुसार पर आणि खवले दोन्ही असलेलाच मासा चालतो. त्यामुळे सामन, ट्यूना चालतात. कोळंबी, खेकडा, वाम वर्ज्य. खेकड्याऐवजी रोलमध्ये पांढऱ्या माशाच्या लगद्याची कांडी घालतात. खरी मेहनत नोरीच्या, म्हणजे सुशी गुंडाळायच्या समुद्रशेवाळाच्या, पानाची. समुद्रातला बारीकसा जीव चिकटलेला नको, म्हणून ते उजेडासमोर धरून तपासतात. हे पाहायला धर्मनियम जाणणारा देखरेखदार असतो. गिऱ्हाइकाचा भरवसा त्याच्यावरच, असं मला वाटतं. ज्यूंचा विश्रांतीचा शनिवार शुक्रवारच्या सूर्यास्तालाच सुरू होतो, म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी दुकान बंद. आपल्या कोकणातले बेने इस्रायली ज्यूही शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. बिनखवल्यांचा मासा त्यांनाही वर्ज्यच.