जठराचा कर्करोग आणि पेशीतील शिक्के

चाकूरच्या तहसील कचेरीत जमिनीच्या कागदाची मागणी केली, तर मूळ दप्तर जागचे हलत नाही. आपल्या हाती पडते ती नक्कल. पेशींचा कारभारही असाच आहे. मूळ दप्तर म्हणजे डी. एन. ए. त्याची नक्कल म्हणजे संदेशवाहक आर. एन. ए. ती वाचून पेशी प्रथिने तयार करते. पण एखादी नक्कल नको असेल तर? तिच्यावर ‘रद्द’चा शिक्का मारणारे चिमुकले कारकून पेशीतच असतात. त्यांना मायक्रो आर. एन. ए. म्हणतात. लांबी म्हणाल तर अवघी बाविसेक अक्षरे!

व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९३ साली हा प्रकार मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत दाखवून दिला. ही त्या किड्याचीच तऱ्हा, असे पुष्कळांना वाटले. पण २००० साली तसलाच एक रेणू माणसातही सापडला. आणि २०२४ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जठराच्या कर्करोगात हे शिक्के भलतीकडेच पडतात. एकवीस क्रमांकाचा मायक्रो आर. एन. ए. फाजील वाढतो आणि पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या प्रथिनाच्या नकला रद्द करतो. उलट, वाढीचे हुकूम अडवणारे रेणू कमी पडतात. मग पेशी बेसुमार वाढून गाठ होते. रक्तातले हे रेणू मोजून रोग ओळखण्याची परीक्षा सिंगापुरात निघाली आहे. आपल्याकडे ती अजून नित्याची झालेली नाही.

तोवर आपण काय करावे? हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू, तंबाखू आणि फार खारवलेले पदार्थ या रोगाला वाट करून देतात. जंतूवर औषध आहे. तंबाखू सोडणे आपल्या हाती आहे. आणि ‘पित्त झालंय, सोडा घेतला की बसंल’ असे म्हणत महिने काढू नका. भूक मेली, दोन घासांत पोट भरू लागले, वजन उतरले, शौचाला काळे झाले, तर डॉक्टरांना गाठा. जठर दुर्बिणीने तपासता येते.

बार्शी भागात १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगाव माहिती पोचल्यावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायाबापड्या लवकर दवाखान्यात येऊ लागल्या, असे तेथे आढळले. तेथे उपयोगी पडली ती वेळेवर कानी आलेली गोष्ट. ती आज आपल्या कानी आली, शेजाऱ्यालाही सांगा.