सोनाराने कान टोचावे

कान सोनारानेच टोचावे, ही म्हण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आली आहे. जे काम ज्याचे, ते त्यानेच केले म्हणजे तडीस जाते; कडू गोष्ट सांगावयाची झाली तरी ती अधिकारी माणसाच्या तोंडूनच पटते, असा तिचा रूढ अर्थ. परंतु या म्हणीचा साधा वाच्यार्थही विचार करण्याजोगा आहे. आपल्या लेकराचे कान आईच्याने टोचवत नाहीत. तिचा हात कापतो. म्हणून ती मूल मामाच्या मांडीवर देते, सोनाराला पुढे बसविते आणि स्वतः तोंड फिरविते. सुई टोचण्याचा निर्णय मात्र तिचाच, किंवा तिच्या घरच्या वडीलधाऱ्यांचा असतो. मुलाला कोणी विचारीत नाही. तो विचारण्याच्या वयाचाच नसतो. पुढे पंधरा-सोळा वर्षांनी तेच मूल आपल्या मनाने आणखी एक छिद्र पाडून घेऊन घरी येते, तेव्हा जो गहजब उडतो, त्याचे मूळ कशात आहे?

नाशिकहून मुंबई-आग्रा रस्त्याने ईशान्येकडे निघाले म्हणजे बाणगंगेच्या काठी ओझर लागते. द्राक्षमळ्यांनी वेढलेल्या या गावाच्या शिवारात 1964 साली हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमानकारखाना निघाला. तेथे मिग जातीची विमाने तयार होऊ लागली आणि गावाच्या नावाला ‘मिग’ हे परदेशी नाव कायमचे चिकटले. कारखान्याबरोबर कामगारांची वसाहत आली आणि तिच्यात निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे शेजारी शेजारी राहू लागली. तमिळ घरांत लेकराचे जावळ काढून, मामाच्या मांडीवर बसवून, कुलदैवतासमोर त्याचे कान टोचण्याची चाल आहे. राजस्थानी पुरुषाच्या कानात मुरकी असली तर त्याच्या गावी कोणी वळून पाहत नाही. मराठी घरांत बारशाच्या सुमारास सोन्याची तार कानात जाते. अशा वसाहतीत एका घरचा संस्कार शेजारच्या घरी नवलाचा विषय होतो, आणि एका घरी जी शोभा तिला दुसऱ्या घरी थेर म्हणतात.

अशाच वसाहतीतील एका घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. चंपाषष्ठीला ओझरच्या खंडेरावाच्या यात्रेत बारागाडे ओढलेले पाहून मंडळी परत आली आहेत. पाठोपाठ सोळा वर्षांचा मुलगा आत येतो. त्याच्या कानाच्या वरच्या कडेला एक पोलादी खडा चमकत आहे. वडिलांचा आवाज चढतो, “हे काय मवाल्यासारखे?” आजी चष्म्यातून न्याहाळून म्हणते, “अरे, तुझ्या आजोबांच्या कानात तिथेच भिकबाळी होती. त्यांना कोणी मवाली म्हटले नाही.” वडील म्हणतात, “ती रीत होती, आई. हे थेर आहे.” आणि मुलगा खाली मान घालून, पण स्पष्ट शब्दांत विचारतो, “बाबा, बाराव्या दिवशी माझे कान टोचलेत, तेव्हा मला विचारले होते का?”

या प्रश्नाला त्या घरात त्या रात्री उत्तर मिळत नाही. ते शोधावयाचे तर थोडे मागे जावे लागेल.

कर्णवेध हा सोळा संस्कारांपैकी एक मानला जातो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय या विषयाला वाहिलेला आहे. बालकाचे कान रक्षणासाठी आणि भूषणासाठी टोचावे, असे दोन हेतू तेथे दिले आहेत. वय सहावा किंवा सातवा महिना सांगितले आहे. मूल मांडीवर घ्यावे, खेळण्यांनी त्याला रमवावे, कान सूर्यप्रकाशात धरावा आणि निसर्गानेच जेथे पातळ जागा ठेवली आहे तेथे वेध करावा. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. कोवळ्या कानाला सुई, जाड कानाला आरी. रक्त फार आले अथवा वेदना फार झाली तर जागा चुकली असे समजावे. मग कापसाची वात घालून तेलाने ती भिजवावी आणि तीन तीन दिवसांनी बदलून अधिकाधिक जाड घालावी. त्याच अध्यायात फाटलेली पाळी सांधण्याचे पंधरा प्रकार आले आहेत. जड दागिन्यांनी पाळ्या फाटत होत्या, हे यावरून उघडच दिसते. कान टोचल्याने बुद्धी वाढते, दृष्टी सुधारते, असे सांगणारे आज पुष्कळ भेटतात. त्याला आधुनिक वैद्यकाचा आधार नाही.

ते सहा-सात महिन्यांचे वय मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. सध्याच्या सरकारी लसीकरणात धनुर्वाताचे संरक्षण देणारी पंचगुणी लस बालकाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात दिली जाते. बाराव्या दिवशी कान टोचला तर यांतील एकही मात्रा झालेली नसते. सहाव्या महिन्यापर्यंत तिन्ही पुऱ्या होतात. हौसेने घाई करणाऱ्या घरांनी या बाबतीत सुश्रुताचेच ऐकले, तर परंपरेचा मान राहील आणि डॉक्टरही संतुष्ट होतील.

भूषणापेक्षा रक्षणाचा हेतू समाजाच्या मनात किती खोल रुजला होता, हे भिकबाळीच्या नावातच दिसते. ज्या घरी मुले जगत नसत, तेथे नव्या मुलासाठी दारोदार भीक मागून आणलेल्या पैशांतून बाळी करावयाची, म्हणजे काळाला ते मूल भिकाऱ्याचे वाटेल आणि तो पुढे जाईल, अशी ही भाबडी युक्ती. त्याच भयाने मुलग्याचे नाक टोचून त्याला नथू म्हणत, कोणाला दगडू, कोणाला केरू. या छिद्रांमागे मूल गमावलेल्या आईची भीती उभी होती. पुढे पेशवाईत तीच बाळी मोत्यांची होऊन सरदारांच्या कानी झळकली, आणि दैन्याची खूण वैभवाची झाली. आज पेशवाईवरचे चित्रपट निघाले आणि ढोलपथकांतील तरुण भिकबाळी घालून मिरवणुकीत उतरले, तर तेच वडील कौतुकाने छायाचित्र काढतात. छिद्र तेच, कानही तोच. खड्याऐवजी मोती आला एवढाच काय तो फरक.

नाकाची कथा याहून विलक्षण आहे. नथ ही महाराष्ट्राच्या सौभाग्याची खूण. तिच्यावाचून पैठणी नेसलेली नववधू डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून ती वेदकाळापासून चालत आली असावी, असाच सर्वसाधारण समज. तथापि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील राजस्त्रिया पाहाव्या. केसांत फुले, कानी कुंडले, गळ्यात मोत्यांचे सर. नाक मात्र मोकळे. कार्ल्याच्या लेण्यातील दंपतींच्या कानांत भरघोस भूषणे आहेत, नाकात काही नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेचा शोध घेतला, तेव्हा जुन्या संस्कृत वाङ्मयात नाकातील अलंकाराचा उल्लेख त्यांना सापडला नाही. हा दागिना साधारण हजार वर्षांपूर्वी बाहेरून इकडे आला, असे त्यांचे मत पडले. म्हणजे जिला आज परंपरेचा कळस मानतात, ती नथही एके काळी कोणाच्या तरी आजीला परकीय थेर वाटली असेल. रीत आणि थेर यांच्यामध्ये पुष्कळदा केवळ काळाचेच अंतर असते.

छिद्राला समाज कोणते नाव देतो, यावर माणसाचे नशीब ठरते. नाथपंथी योगी कानाचा मध्यभाग चिरून त्यात मुद्रा घालतात. त्या पंथाचा त्र्यंबकेश्वराशी फार जुना संबंध आहे. ब्रह्मगिरीवर निवृत्तिनाथांना गहिनीनाथांचा अनुग्रह झाला अशी श्रद्धा आहे. भक्ताच्या दृष्टीने ती मुद्रा दीक्षेची. पण लोकांनी त्या योग्यांना कानफाटे म्हटले, आणि एकदा कानफाट्या नाव पडले की पडलेच, अशी म्हणही रूढ केली. ओझरच्या त्या घरी वडिलांच्या मनात हीच धास्ती होती. त्यांना खड्याचे भय नव्हते. लोक मुलाला काय म्हणतील, नोकरी देणारा काय समजेल, याचे होते. हे भय अगदीच पोकळ म्हणता येत नाही. विमानाच्या कामात अंगावरचा सुटा दागिना चालत नाही. बारीकशी धातूची वस्तू यंत्रात पडली तरी अनर्थ होतो. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला बसणाऱ्या मुलींनाही कानातले आणि चमकी काढून ठेवावी लागते.

परंतु समाजाची दृष्टी छिद्रापेक्षा अलंकारावर किती क्रूरपणे खिळलेली असते, हे विधवेच्या बाबतीत दिसून येते. नाक टोचताना मुलीची इच्छा विचारीत नाहीत आणि पतीच्या मृत्यूनंतर नथ उतरविताना स्त्रीचीही विचारीत नाहीत. छिद्र राहते, मोती जातो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने 2022 च्या मे महिन्यात ठराव करून कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद केल्या आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनाही तो कित्ता गिरविण्यास सांगितले. बाईच्या अंगावर काय असावे हे ठरविण्याचा समाजाचा अधिकार एका गावाने स्वतः होऊन सोडला, ही लहान गोष्ट नव्हे.

साता समुद्रापलीकडे हाच प्रश्न न्यायालयापर्यंत गेला होता. दक्षिण आफ्रिकेतील दरबान शहरी एका तमिळ वंशाच्या हिंदू मुलीने वयात आल्यावर घरच्या चालीप्रमाणे नाकात चमकी घातली. शाळेच्या नियमांत ती बसत नव्हती. आई मुलीच्या पाठीशी उभी राहिली आणि प्रकरण सर्वोच्च संविधान न्यायालयात पोहोचले. 2007 साली निकाल मुलीच्या बाजूने लागला. चमकी धर्माने सक्तीची नाही, ही गोष्ट न्यायालयाने मान्य केली. तरीही माणूस जी रीत स्वखुशीने पाळतो तीही संरक्षणास पात्र आहे, असे ठरविले. स्वखुशीने पाळलेली रीत! या दोन शब्दांत ओझरच्या त्या घरातले भांडण मिटण्याची वाट दडलेली आहे.

आता शरीराची बाजू. कानाच्या पाळीत मांस आणि रक्त आहे. ती सहा ते आठ आठवड्यांत भरून येते. वरची कड कूर्चेची. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तेथील जखम भरण्यास कित्येक महिने लागतात, आणि तेथे पू झाला तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. दुकानातील पिस्तुलासारखे यंत्र कूर्चेवर चालविणे धोक्याचे; ते पेशी चेचते आणि त्याचे सर्व भाग निर्जंतुकही करता येत नाहीत. एकाची सुई दुसऱ्यास वापरली तर काविळीचे विष रक्तात जाऊ शकते. स्वस्त धातूतील निकेलने अनेकांच्या त्वचेला खाज आणि पुरळ येते. जुना सोनार शुद्ध सोन्याची तार वापरी, ती त्वचेला बाधत नसे. म्हणीतील शहाणपणाला असेही एक कारण होते. जिभेतील किंवा ओठांतील मणी दात झिजवितो आणि हिरड्या मागे सारतो.

हे सर्व मुलाला कोणी सांगावयाचे? ज्या घरात विचारण्याची सोय नसते, तेथील मुले मैत्रिणीच्या खोलीत, आरशापुढे, मेणबत्तीवर धरलेल्या शिवणाच्या सुईने कान टोचतात. पुढे कान सुजला तरी ओरड्याच्या भीतीने केसांआड लपवितात आणि डॉक्टरकडे पोहोचतात तेव्हा उशीर झालेला असतो. बापाच्या नकारामागे माया असते; पण ती मुलाला दिसत नाही, त्याला फक्त नकार दिसतो.

त्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी मुलाला जवळ बसविले. कड लाल झाली होती. त्यांनी एवढेच विचारले, “दुखते का?” मुलाने प्रथम नाही म्हटले, मग हो म्हटले. दोघे डॉक्टरांकडे गेले. वाटेत वडील म्हणाले, “तेव्हा तुला विचारले नाही, हे खरे. तू लहान होतास. पण आता तू मोठा झालास, तर तूही आम्हाला आधी विचारावेस.” मुलगा म्हणाला, “विचारले असते, तर ऐकले असतेत का?” वडिलांनी थोडा वेळ विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितले, “काल नसते ऐकले.”

घरी आल्यावर आजीने पेटीतून एक जुनी भिकबाळी काढून नातवाच्या हातावर ठेवली. कान बरा होईपर्यंत ती घालावयाची नाही, अशी अट तिने घातली. अट मोडण्याची हिंमत त्या घरात कोणाचीच नव्हती.