तपासणीत मागे राहिलेली माणसे

(बर दुबई येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही डी.एड. करून फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या प्राथमिक शाळेतल्या बाया. मोठ्या सभेची सवय नाही. काही चुकले तर सांभाळून घ्या.

आगमनाच्या सोहळ्यानिमित्ताने पूर्वजांच्या कष्टांवर पुष्कळ बोलले जाईल. आम्हाला एकाच प्रसंगाबद्दल बोलायचे आहे. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतून मुंबईला आलेला माणूस गिरमिटावर जहाजात चढण्यापूर्वी डॉक्टरपुढे उभा राही. अंग निरोगी असेल, तरच पुढे. आम्ही दुबईला आलो तेव्हा आमचीही तपासणी झाली. आखाती देशांत नोकरीला येणाऱ्यांच्या त्या यादीत कुष्ठरोगाचे नाव आजही असते. म्हणजे इथे बसलेले बहुतेक जण एक तर स्वतः पास झालेले, नाहीतर पास झालेल्यांचे वंशज. जो नापास झाला तो कुठे गेला, हे मात्र आपल्या घरच्या गोष्टींत कधी येत नाही.

मॉरिशसच्या बाजूच्या समुद्रात, सेशेल्समधल्या क्युरीयूज बेटावर 1965 पर्यंत कुष्ठरोग्यांची वसाहत होती. आमच्याकडे त्यांच्यासाठी देवळाची पायरी आणि गावाची वेस होती. लोक दुरून पैसे टाकत आणि त्यालाच दानधर्म म्हणत.

ही रीत मोडणारी माणसे आपल्याच मातीत झाली. मनोहरजी दिवाण यांनी 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले. वरोऱ्याच्या बाबा आमट्यांनी तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी पावसात पडलेला पाहिला आणि घाबरून ते पळाले. त्या भीतीची लाज वाटून ते परत फिरले. पुढे कोलकात्याला जाऊन या रोगाचे शिक्षण घेतले आणि 1951 मध्ये साधनाताईंसह आनंदवन सुरू केले. जवळ सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये. जमीन खडकाळ, त्यामुळे आधी विहीर खणावी लागली. शेती पिकली, पण त्या हातांची भाजी वरोऱ्यात कोणी घेईना. परदेशी स्वयंसेवक तिथे राहून तीच भाजी खाऊ लागले, तेव्हा कुठे गावाची भीड मोडली. पुढे 1964 मध्ये त्याच आनंदवनात महाविद्यालय निघाले, आणि ज्या गावाने भाजी नाकारली होती त्या गावाची मुले तिथे शिकू लागली.

आता आमची गोष्ट. डी.एड.ला असताना आमची सहल आनंदवनात गेली होती. दुपारी जेवणाची पंगत बसली. वाढायला एक मावशी होत्या, हाताची बोटे आखडलेली. आम्ही चौघी-पाचजणी एकमेकींकडे पाहू लागलो आणि म्हणालो, "मावशी, आज आमचा उपास आहे." उपास कसला नि काय! मावशींनी पातेले खाली ठेवले आणि म्हणाल्या, "मग पोरींनो, केळी आणू का? सालासकट असतात."

एवढेच बोलल्या. पण शेवटच्या त्या दोन शब्दांनी आम्हाला सगळे कळले. असा उपास त्यांनी पुष्कळ पाहिला असणार. आम्ही केळी खाल्ली, वहीत 'प्रेरणादायी भेट' असे लिहिले आणि आलो. आज पन्नाशी उलटली, तरी त्या मावशींची माफी मागायची राहिली आहे.

तेव्हा माहीत नव्हते म्हणावे, तर तेही खरे नाही. पुस्तकात सगळे होते. हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू 1873 मध्येच शोधला होता. हा रोग सहजासहजी लागत नाही. रोग बोटे खात नाही. स्पर्श कळेनासा होतो, चटका किंवा काटा जाणवत नाही, मग जखमा चिघळून बोटे जातात. आता सहा ते बारा महिन्यांच्या औषधांनी तो बरा होतो आणि भारतात ती औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तरीही 1898 चा कुष्ठरोग्यांना डांबण्याचा कायदा रद्द व्हायला 2016 उजाडले, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण 2019 मध्ये कायद्यातून गेले. म्हणजे औषध आल्यावरही घराचे दार उघडायला कितीतरी वर्षे लागली.

आता आपण काय करायचे? इथे परवान्याशिवाय वर्गणी गोळा करायला कायद्याने मनाई आहे, म्हणून आम्ही डबा फिरवणार नाही. आणि खरे सांगायचे तर आपले काम नुसत्या डब्याने भागणारही नाही.

सुट्टीत गावी जाल तेव्हा आनंदवनात विणलेली सतरंजी विकत घ्या. घासाघीस करून घ्या, जशी मीना बाजारात करतो तशी, कारण व्यवहार बरोबरीच्या माणसांत होतो. मुलांच्या तोंडी 'महारोगी' ही शिवी आली तर तिथल्या तिथे थांबवा. कोणाच्या अंगावर बधिर चट्टा दिसला तर लपवू देऊ नका, दवाखान्यात न्या आणि बरोबर बसा. आणि अशा हातांनी कोणी जेवण वाढले, तर पोटभर जेवा.

आपले पूर्वज तपासणीत पास झाले, त्यात त्यांचा मोठेपणा नव्हता आणि मागे राहिलेल्यांचा दोष नव्हता. एवढी आठवण या सोहळ्यात राहिली, तर आमचे दोन शब्द सार्थकी लागले असे आम्ही समजू.